मैत्रिणीची राहिलेली दहावी

प्रश्न : बाई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, बेळगावला बसनं जाऊन-येऊन करते. आमच्याच गल्लीत माझी एक मैत्रीण आहे, अंगणवाडीपासूनची. आमची शाळा मराठी माध्यमाची. एसएसएलसीत, म्हणजे आमच्या दहावीत, तिचे कन्नड, इंग्रजी आणि गणित राहिले. परत बसली, परत तेच. आता ती खानापुरात एका लेडीज टेलरकडं कामाला जाते. नुकतीच तिला अठरा पूर्ण झाली.

बाई, ती ढ नाही हो. धडा वाचून दाखवला तर जसाच्या तसा सांगते. दुकानात कुठल्या गिऱ्हाइकाची बाही किती, हे वही न बघता सांगते. मापाच्या वहीत ती शब्द लिहीत नाही, ब्लाऊजचं चित्र काढून त्यावर आकडे टाकते. पण वाचायला दिलं की ‘घर’चं ‘धर’ होतं, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. शाळेत असताना तिचा सगळा होमवर्क मीच लिहून द्यायचे. घरात म्हणतात, पोरीला डोकं नाही, स्थळं बघायला लागूया. चंदगडची आमची मावशी म्हणते, महाराष्ट्रातून सतरा नंबरचा फॉर्म भरा. मी मोबाइलवर डिस्लेक्सियाबद्दल वाचलं, सगळं तिलाच लागू पडतंय. कसंही करून तिची दहावी काढायची आहे. तिची रायटर म्हणून मी बसले तर चालेल काय? हे पत्र लिहिलंय ते तिला माहीत नाही.

— एक मैत्रीण

उत्तर :

पोरी, शेवटून दुसऱ्या वाक्यातल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे ते तुझ्या डोक्यातून जाईल. तू तिची रायटर होऊ शकत नाहीस. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं लागतं. दहावीला नववीचा विद्यार्थी चालेल, पीयूसीची तू नाही. नियम बरोबरच आहे. तू तिच्या शेजारी बसलीस तर कुणाचं उत्तर कुणाच्या तोंडून आलं, हे परमेश्वरालाही कळायचं नाही. होमवर्कचा इतिहास तर तूच लिहून पाठवलायस.

आता शेवटचं वाक्य. तिला माहीत नाही. म्हणजे तिची दहावी काढायचं तू ठरवलंस, मावशीनं मार्ग ठरवला, घरच्यांनी स्थळं ठरवली, आणि जिची दहावी ती दुकानात बाह्या जोडत बसली आहे. हे पत्र छापून आलं की आधी तिला वाचून दाखव. रागावली तर रागावू दे. दोनदा नापास झालेल्या माणसाला तिसऱ्यांदा त्या हॉलमध्ये जायचं म्हणजे काय असतं, ते तुला-मला कळणार नाही. तिला दहावी कशासाठी हवी, हे तिच्याकडून ऐक. स्वतःचं दुकान काढायला दहावी लागत नाही. पण आयटीआयला जायचं असेल, पुढं कुठं नोकरीचा अर्ज करायचा असेल, किंवा नुसतं ‘मी पास आहे’ असं म्हणायचं असेल, तर लागते. तिचं कारण काय आहे त्यावर पुढचा रस्ता ठरतो, ते खाली येईलच. ती ‘नको’ म्हणाली तर वर्षभर विषय काढू नकोस.

ती ‘हो’ म्हणाली असं धरून पुढं लिहिते.

पत्रावरून निदान करणं माझं काम नव्हे आणि मोबाइलवर वाचून करणं तुझंही नव्हे. पण तू जे टिपलंयस ते नेमकं आहे, म्हणून थोडं सांगते. डिस्लेक्सियात डोळ्यांचा दोष नसतो, बुद्धीचाही नसतो. कानानं ऐकलेला आवाज आणि कागदावरची खूण यांची जोडी मेंदूत पटकन आणि पक्की बसत नाही. आपण शब्द बघितला की तो आपोआप वाचला जातो. तिला तो दर वेळी नव्यानं सोडवावा लागतो. घ-ध, भ-म, ब-व, थ-य ही आपली नेहमीची ठिकाणं, जिथं अशी मुलं घसरतात. पहिली वेलांटी तर बघच : काढायची अक्षराच्या आधी, उच्चारायची नंतर.

आणि आपल्या सीमाभागातल्या मुलाला हे एकदा करून भागत नाही. मराठीसाठी देवनागरी, कन्नडची लिपी वेगळी, इंग्रजीची तिसरी. मराठीत जोडाक्षरात पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. कन्नडात पहिलं पूर्ण राहतं आणि दुसऱ्याची खूण त्याच्या खाली लोंबते. मराठीतला रफार अक्षराच्या डोक्यावर चढतो, कन्नडात त्याची खूण अक्षराच्या मागं येऊन बसते. कन्नडातले प, व, म आणि ष एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. इंग्रजीत तर लिहिलेलं आणि बोललेलं यांचा मेळ कधी असतो, कधी नसतो. चांगल्या वाचणाऱ्या पोरांना हे सगळं दोन-तीन वर्षांत अंगवळणी पडतं आणि आपल्याला वाटतं सोपंच आहे. तुझ्या मैत्रिणीला एका लिपीची वाट सापडेपर्यंत दुसरी सुरू झाली, ती सापडायच्या आत तिसरी. तिचे जे विषय राहिले त्यात दोन भाषाच आहेत, यात मला काहीच नवल वाटत नाही. गणिताचं वेगळं असू शकतं. आकड्यांचीच अडचण असेल तर तिला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. पण माप तोंडपाठ ठेवणाऱ्या मुलीचं गणित शाब्दिक उदाहरणं वाचताना अडलं असण्याचीही शक्यता आहे. तपासणीत ते कळेल.

तपासणी. हा शब्द तिच्या घरात काढलास की पहिलं वाक्य येणार : ‘पोरीला येडं ठरवायला निघालाय काय? उद्या स्थळं येणार आहेत.’ तेव्हा तिच्या आईला एवढं सांग : या तपासणीत बुद्ध्यांकाची चाचणीही घेतात आणि अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असं निदान होतं ते बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली निघाली तरच. म्हणजे ‘डोकं नाही’ हे गल्लीनं दिलेलं सर्टिफिकेट पुसायचं असेल तर सरकारी शिक्क्याचा कागद इथंच मिळतो. माझा अनुभव असा आहे की हे ऐकल्यावर बापापेक्षा आई आधी तयार होते. लग्नाचं मी जास्त बोलत नाही. अठरा झाली म्हणून घाईच केली पाहिजे असा कायदा नाही, आणि वर्ष-दीड वर्ष मागून घेण्यासाठी ‘शिकतेय’ हे कारण आपल्याकडं अजून चालतं.

आता कागदाचं. तुझ्या पत्रात अभ्यास कसा घेऊ याची चिंता ओळीओळीत आहे, कागदाचा उल्लेख कुठंच नाही. मी म्हणेन, अभ्यास नंतर, कागद आधी. कागद नसताना केलेला अभ्यास तिला परत त्याच हॉलमध्ये, त्याच तीन तासांत, त्याच अक्षरांसमोर नेऊन बसवणार.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो २०१६ चा कायदा आहे, त्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार धरलेत आणि ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ हा त्यातला एक आहे. त्याच कायद्याचं सतरावं कलम परीक्षेत काय बदल करावेत ते सांगतं : जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. हे शेवटचं नीट वाच. तीन भाषांच्या ओझ्याखाली सापडलेल्या आपल्या भागातल्या मुलासाठी या कायद्यातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे, आणि आपल्याच शाळांत ती फार थोड्या जणांना माहीत आहे.

इथं एक बाजूचं बोलून घेते. बेळगावात कन्नडातून सूट मागितली की मागं-पुढं कुणीतरी त्याला सीमाप्रश्नाचा झेंडा लावणारच. इकडचे म्हणतील शाब्बास, तिकडचे म्हणतील बघा यांना कन्नड नको. दोघांनाही जवळ येऊ देऊ नका. तुझी मैत्रीण गिऱ्हाइकाशी कन्नड बोलत असणारच, खानापूरच्या बाजारात त्याशिवाय दुकान चालत नाही. तिला कन्नड येतं. कन्नड लिपी वाचता येत नाही, जशी मराठी धड वाचता येत नाही. अर्ज वैद्यकीय कारणाचा आहे, तेवढाच राहू दे.

कागदाची वाट अशी. आधी तालुका दवाखान्यात डोळे आणि कान तपासून घ्या. दिसणं-ऐकणं ठीक आहे हे पुढं विचारतातच. मग केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, आधार लागतं. बेळगावचं जिल्हा रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, बिम्स या मेडिकल कॉलेजला जोडलेलं. तिथं चौकशी करताना ‘अध्ययन अक्षमतेची तपासणी कोणत्या दिवशी होते आणि चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ आहेत का’ असं नेमकं विचारा. नुसतं ‘अपंग सर्टिफिकेट’ म्हणालात तर हाड-डोळे-कान यांच्या रांगेत उभं करतील आणि दिवस जाईल. इथं सोय झाली नाही तर बेंगळुरूचं निम्हान्स आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था, दोन्ही ठिकाणी हे काम चालतं. खासगीत केलेला रिपोर्ट माहितीला चांगला, पण तो प्रमाणपत्र नव्हे. परीक्षा मंडळापुढं वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्रच लागतं.

एक गोष्ट तिथं पोचल्यावर पहिल्यांदा विचारायची : चाचणी कोणत्या भाषेत घेणार? ती मराठी माध्यमात शिकली आहे. तिला इंग्रजी किंवा कन्नड उतारा वाचायला दिला तर निकाल आहे त्याहून वाईट येईल किंवा गोंधळाचा येईल. तिचं माध्यम मराठी होतं, हे अर्जावर ठळक लिहा आणि तोंडीही सांगा.

जाताना जुनी मार्क्स कार्डं न्या, शाळेच्या मुख्याध्यापकांचं किंवा वर्गशिक्षकांचं ‘वाचन-लेखनात अडचण होती’ असं पत्र मिळालं तर ते न्या, आणि जुन्या वह्या. मात्र वह्या निवडून न्या. होमवर्कच्या वह्या तुझ्या अक्षरातल्या आहेत ना? त्या बघून डॉक्टर म्हणतील, हिला काहीच झालेलं नाही. वर्गात तिनं स्वतः उतरवून घेतलेलं, खाडाखोड केलेलं, अर्धवट सोडलेलं असं काही घरात असेल तर ते शोधा. पहिली-दुसरीची वही सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण अडचण लहानपणापासूनची आहे हे त्यातून दिसतं. नाहीच काही उरलं तर तिच्या मापाच्या वहीची दोन पानं न्या.

तिला अठरा पूर्ण झाली, हे एका अर्थी बरं झालं. २०१८ च्या नियमांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचं असं ठरलं आणि अठराव्या वर्षीचं कायमचं धरलं. म्हणजे एकदाच धावायचं. आणि प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आलं तर ‘गेलं सगळं’ म्हणून घरी बसू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यावरून केंद्रानं २०२२ मध्ये चाळीसच्या खाली प्रमाण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. हे वाक्य कागदावर लिहून पर्समध्ये ठेव. ऑफिसात मोठ्या आवाजापेक्षा लिहिलेली तारीख जास्त कामाला येते.

बेळगावच्या फेऱ्यांचा खर्च हा घरच्यांचा पुढचा मुद्दा असेल. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही, कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवलं की झालं. दोघी मिळून जा. दुकानाची सुट्टी कोणत्या वारी आहे ते बघून जा, तिचा रोज बुडवू नका.

कागद हातात येतोय म्हटल्यावर दोन रस्ते आहेत. मावशीचा तिसरा मी आधीच बाद करते. सतरा नंबरचा फॉर्म हा महाराष्ट्र मंडळाचा, बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा. परीक्षा केंद्र सीमेपलीकडं, सवलतीचे अर्ज तिकडच्या मंडळाकडं, आणि प्रमाणपत्राची धावपळ इकडं. आपल्या भागात निम्मी माहिती कोल्हापूर-चंदगडच्या पाहुण्यांकडून येते. प्रेमानं येते, पण ती दुसऱ्या राज्याची असते. मावशीला नमस्कार सांग.

पहिला रस्ता, आहे तीच एसएसएलसी. २०२४ पासून कर्नाटकात वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा होते आणि ज्यात गुण जास्त ते धरतात. तिला राहिलेल्या तीनच विषयांना बसायचं आहे. अर्ज तिच्या जुन्या शाळेतूनच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना भेटा आणि तीन गोष्टी लेखी मागा : लेखनिक, जादा वेळ, आणि भाषेतून सूट. जादा वेळ तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. कोणती भाषा सोडता येईल आणि तिच्या जागी काही घ्यावं लागेल का, हे मंडळाकडून लेखी येऊ दे. ‘बघूया, करूया’ यावर फॉर्म भरू नका. सर म्हणाले की असा नियमच नाही, तर वाद घालू नकोस. तालुक्याच्या बीआरसीत, म्हणजे शिक्षण खात्याच्या साधन केंद्रात, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी रिसोर्स टीचर असतात, त्यांना घेऊन परत जा, आणि तरीही नाही झालं तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात अर्ज देऊन पोच घे. पोच महत्त्वाची.

दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. केंद्राचं मंडळ आहे, १९८९ पासून चालू आहे, त्याला बेळगाव काय नि चंदगड काय. दहावीला पाच विषय लागतात, त्यात भाषा एक असली तरी चालते आणि ती मराठी घेता येते. माध्यमही मराठी मिळतं. गणित सक्तीचं नाही. गृहविज्ञान, चित्रकला, व्यवसाय अध्ययन असे विषय आहेत. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा, आणि नाव घातल्यापासून पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. शिवाय आधीच्या मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इकडं आणता येतात. तिचे मराठी, विज्ञान आणि समाजविज्ञान निघालेत. त्यातले दोन आणले तर उरले तीन.

माझं मत विचारशील तर मी तिला दुसऱ्या रस्त्यानं पाठवीन. एसएसएलसीत भाषेतून सूट मिळाली तरी गणित उरतंच, एखादी भाषाही उरू शकते, आणि तोच हॉल, तेच चेहरे. पण इथंच तिचं कारण आड येतं, म्हणून आधी विचार म्हणाले. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावीत गणित-विज्ञान बघतात. तिच्या मनात तसलं काही असेल तर एनआयओएसमध्येही गणित घ्यावं लागेल, नाहीतर एसएसएलसीच बरी. शिवणकामातच पुढं जायचं असेल तर गृहविज्ञान आणि चित्रकला तिच्या हातातलेच विषय आहेत. अर्ज फक्त त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरून करा. ‘इतके पैसे भरा, हमखास पास’ म्हणणारे एजंट गल्लीबोळात आहेत. त्यांच्याकडचं सर्टिफिकेट कधीकधी त्या कागदाच्या किमतीचंही नसतं.

आता अभ्यास, ज्याची तुला एवढी घाई होती.

तू तिला वाचायला शिकवायचं नाहीस. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे आणि अठराव्या वर्षी मैत्रिणीसमोर ‘घर-धर’ करत बसणं कुणालाच आवडत नाही. मन झालं तर ती स्वतः ताटात रवा पसरून बोटानं अक्षर गिरवेल आणि तोंडानं म्हणेल. हा जुना उपाय अजूनही चांगला आहे, पण तो एकटीनं करायचा. तुझं काम वेगळं : धडा तिच्या कानात पोचवायचा. तू धडा वाच, मोबाइलवर रेकॉर्ड कर, व्हॉट्सअॅपवर पाठव. शिलाई मशीनवर बसून ती दिवसातून चार वेळा ऐकेल. दहा मिनिटांपेक्षा मोठी फाइल नको. मथळा सांग, मग सावकाश वाच, शेवटी दोन प्रश्न विचारून थांब. उत्तर तिनं बोलून परत पाठवायचं, लिहून नाही. ऐकताना पुस्तक उघडं ठेवून ओळीवर बोट फिरवलं तर हळूहळू नजरही सरावते, पण त्याची सक्ती नको.

आणि तिची ती मापाची वही. अगं, ती पोरगी स्वतःची अभ्यासाची पद्धत शोधून बसली आहे आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. जिथं शब्द अडवतात तिथं ती चित्र काढून त्या-त्या जागी माहिती टाकते. गृहविज्ञानातला आहार घे. मध्ये ताट काढायचं, भाकरीवर एक खूण, डाळीवर दुसरी, भाजीवर तिसरी, कशातून काय मिळतं ते त्या खुणेजवळ एका शब्दात. शाब्दिक गणित असेल तर तू वाच, तिनं चित्र काढायचं, आकडे चित्रावर, मग हिशेब. अख्ख्या धड्याचं एक पान. परीक्षेत डोळे मिटले की ते पान समोर येतं, ओळी येत नाहीत.

लेखनिक मिळाला म्हणजे सुटलो असं समजू नका. दुसऱ्याकडून उत्तर लिहून घेणं हा वेगळाच अभ्यास आहे. सरावाशिवाय गेलेली मुलं एकतर भडाभडा बोलतात आणि लेखनिक मागं राहतो, नाहीतर दोन शब्द बोलून गप्प बसतात. आधी मनात मुद्दे मोजायचे, मग ‘पहिला मुद्दा’ म्हणून एक वाक्य, लेखनिकाचं पेन थांबलं की दुसरं. ‘नवी ओळ’, ‘याच्याखाली रेघ’, ‘आकृती उजवीकडं’ हे सगळं तिनं सांगायचं असतं. शेवटी ‘वाचून दाखव’ म्हणायचा तिला हक्क आहे, संकोच करायचा नाही. हा सराव घ्यायला तू चालशील. नववीतलं गल्लीतलं एखादं पोरगं मिळालं तर आणखी चांगलं, कारण खऱ्या परीक्षेतही तसंच कुणीतरी असणार, आणि त्याचं अक्षर तुझ्यासारखं वळणदार नसेल.

तू लिहून द्यायचं मात्र आता बंद. दहा वर्षं तू प्रेमानंच लिहिलंस, पण त्यामुळं एकाही शिक्षकाला तिची खरी वही दिसली नाही. याचा दोष तुझ्या माथी मारत नाही, तू पोरच होतीस. अर्जसुद्धा तिनं बोलायचा, तू टाइप करायचा, आणि सही करण्याआधी तिला वाचून दाखवायचा. ऑफिसात साहेबांनी तुझ्याकडं बघून प्रश्न विचारला तर तू तिच्याकडं बघ. ती बोलेल. दोन-तीनदा तसं झालं की साहेबही तिच्याकडं बघून बोलतात.

तुझी स्वतःची सेकंड पीयूसी आहे, ती विसरू नकोस. रोज एक रेकॉर्डिंग आणि रविवारी तासभर, यापेक्षा जास्त कबूल करू नकोस. तुझ्या परीक्षेच्या महिन्यात तेही बंद, आणि हे तिला आत्ताच सांगून ठेव. नाहीतर मार्चमध्ये तू थकून चिडशील आणि तिला वाटेल, हीपण कंटाळली. आणि गल्लीत, वर्गात, स्टेटसवर याचा कुठं उल्लेख नको. कुणाला सांगायचं ते ती ठरवेल.

सुरुवात या आठवड्यात करायची तर एकच काम करा. तिचं आधार, एसएसएलसीचं मार्क्स कार्ड आणि शाळेचा दाखला शेजारी-शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. आपल्याकडं मराठी नाव कन्नडातून इंग्रजीत जाताना कुठंतरी एक अक्षर बदलतं, कुठं आडनाव पुढं येतं, कुठं गायबच होतं. यूडीआयडीचा अर्ज आणि एनआयओएसचा प्रवेश दोन्ही तिथंच अडकतात. फरक असला तर आधी आधार केंद्रात जाऊन तो दुरुस्त करून घ्या, मग बाकीचं. हे ताडून बघायचं काम मात्र तू कर, तिला लावू नकोस.